गावात साथ आलीय आणि टीम तुमच्या हाताखाली आहे? मग या चुका टाळा

गॅस्ट्रोची किंवा काविळीची साथ आली की तालुक्यातून फोन येतो, गाडी निघते, आणि गावात पोचल्यावरच्या पहिल्या दोन-तीन तासांत टीम लीडर काय करतो त्यावर पुढचा सगळा तपास उभा राहतो. मी काही वर्षं जिल्ह्याच्या आरआरटीत (साथीच्या गावी तातडीने जाणाऱ्या पथकात) काम केलंय, आधी मेंबर म्हणून आणि नंतर लीडर म्हणून. खालच्यातल्या बऱ्याच चुका माझ्या स्वतःच्या हातून झाल्यात, त्यातल्या काही नंतर दुरुस्त करता आल्या आणि काही नाही. नवीन एमओ (वैद्यकीय अधिकारी) किंवा टीएचओ (तालुका आरोग्य अधिकारी) म्हणून पहिल्यांदा टीम घेऊन निघालेल्यांसाठी हे लिहितोय.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे टीसीएल (पाण्यातले जंतू मारायची ब्लीचिंग पावडर) आधी आणि पाण्याचं सँपल नंतर. गावात जुलाबाचे पेशंट वाढले की ग्रामपंचायत घाबरून विहिरीत, टाकीत टीसीएल ओतते, आपण पोचेपर्यंत पाण्याला वास येत असतो, मग आपण सँपल घेतो आणि चार दिवसांनी रिपोर्ट येतो "पिण्यास योग्य". इकडे चाळीस माणसं सलाईनवर आणि कागदावर पाणी चांगलं! माझ्या एका गावात नेमकं हेच झालं, आणि त्या रिपोर्टच्या जोरावर पाईपलाईनची दुरुस्ती पुढे ढकलली गेली. म्हणून फोन आला की गाडीत बसायच्या आधी तिथल्या आरोग्य सेवकाला सांगा, आधी सँपल घे आणि मग लगेच टीसीएल टाक. टीसीएल थांबवायचं नाहीये हे नीट सांगा, पंधरा मिनिटांचं काम आहे. बाटली लॅबचीच निर्जंतुक हवी, तिच्यात क्लोरीन मारायला सोडियम थायोसल्फेट घातलेलं असतं म्हणून ती विसळायची नाही. पाण्याच्या रिकाम्या प्लास्टिक बाटलीत भरून आणलेलं सँपल काही कामाचं नाही. आणि नुसत्या टाकीचं नको, शेवटच्या नळाचं पण घ्या, कारण घाण बहुतेक वेळा मधेच शिरते. गटाराशेजारी गळका व्हॉल्व्ह असतो, पाणी दिवसातून तासभरच येतं, उरलेला वेळ पाईप रिकामा असतो आणि बाहेरचं आत ओढलं जातं.

शौचाच्या सँपलचं पण तसंच. पीएचसीत (प्राथमिक आरोग्य केंद्रात) पोचेपर्यंत सगळ्यांना अँटिबायोटिक सुरू झालेलं असतं, मग कल्चरमध्ये, म्हणजे लॅबमध्ये जंतू वाढवून बघतात त्यात, काही उगवत नाही. नव्याने येणाऱ्या पाच-सात पेशंटचे स्वॅब औषधाआधी घ्यायला एकच नर्स नेमा, कॅरी-ब्लेअरच्या (सँपल लॅबपर्यंत टिकवणाऱ्या) ट्यूब तिच्या टेबलावर ठेवा. ओआरएस आणि सलाईन मात्र सँपलसाठी एक मिनिटसुद्धा थांबता कामा नये.

दुसरी चूक, सगळ्यांनी सगळं करायचं. पाच जणांची टीम, पाचही जण पेशंटभोवती, आणि विहिरीकडे कोणीच गेलेलं नाही. गाडीतच कामं वाटा: एक जण घरोघर सर्वेवर, एक लाईन लिस्टवर (सगळ्या पेशंटची एकत्र यादी), एक पाणी आणि सँपलवर, एक पीएचसीत उपचाराच्या बाजूला, आणि सरपंच, पत्रकार, वरून येणारे फोन हे सगळं लीडरकडे. लीडर स्वतः फॉर्म भरत बसला की टीमला दिशा कोण देणार? सकाळी दहा मिनिटं, संध्याकाळी सहाला अर्धा तास, सगळ्यांनी एकत्र बसायचं म्हणजे बसायचं.

लाईन लिस्टबद्दल थोडं जास्त लिहितो कारण खरा गोंधळ तिथे होतो. आशाताईंच्या वहीत एक यादी, पीएचसीच्या रजिस्टरला दुसरी, व्हॉट्सॲपवर तिसरी, आणि रात्री कळतं की एकच माणूस तीनदा मोजला गेलाय. यादी एकच, ती सांभाळणारा माणूस एकच. पेशंटची नावं असलेली यादी ग्रुपवर टाकायची नाही, ती गावभर फिरते आणि दुसऱ्या दिवशी लोक दार उघडत नाहीत. ॲडमिट झाल्याची तारीख नको, त्रास सुरू झाल्याची तारीख हवी, वेळ मिळाली तर फारच चांगलं, कारण एपिडेमिक कर्व्ह (कुठल्या दिवशी किती जण आजारी पडले त्याचा आलेख) त्यावरच निघतो. लोकांना तारीख आठवत नाही ही तक्रार मी नेहमी ऐकतो, पण आठवडी बाजाराच्या आधी की नंतर, एकादशीला बरं होतं का, जत्रेच्या दिवशी जेवण गेलं का, असं विचारलं तर म्हाताऱ्या आजीसुद्धा बरोबर दिवस सांगतात. पत्त्यात नुसतं "गावठाण" लिहू नका, घर कुठल्या नळावर किंवा कुठल्या हातपंपावर पाणी भरतं ते लिहा.

केस कोणाला म्हणायचं हे पहिल्याच मीटिंगला ठरवा. २४ तासांत तीन किंवा जास्त वेळा पातळ जुलाब, अमुक गावात राहणारा, अमुक तारखेनंतर, एवढं साधं पुरतं. नंतर बदलावंच लागलं तर सगळ्यांना सांगून बदला आणि जुन्या नोंदी परत तपासा, नाहीतर आकडा वाढला तो साथ वाढली म्हणून की व्याख्या सैल झाली म्हणून, हे कोणालाच सांगता येत नाही.

आता फक्त आजाऱ्यांनाच विचारायची चूक. २० पेशंटपैकी १८ जण म्हणाले लग्नात श्रीखंड खाल्लं, की झालं, श्रीखंडावर शिक्का. अहो पण जे ४० जण आजारी पडले नाहीत त्यांना विचारलं का? त्यातल्या ३६ जणांनी पण खाल्लं असेल तर दोन्हीकडे ९० टक्केच झाले, म्हणजे श्रीखंडाचा काही संबंध दिसत नाही. बऱ्या माणसांना विचारायला टीमला कंटाळा येतो, लोकांना पण वाटतं आम्हाला काय झालंय, पण ते विचारून घेणं लीडरचंच काम आहे.

तसंच नुसते आकडे मोजू नका, लोकसंख्येने भागा. समजा वरच्या आळीत १२०० माणसांत ४८ केसेस आणि खालच्या वस्तीत १५० माणसांत १८. बातमी वरच्या आळीची होते, पण तिथे अटॅक रेट (शंभरातले किती आजारी पडले) ४ टक्के आणि खाली १२ टक्के. पहिली टीम कुठे जायला हवी ते तुम्हीच बघा.

मागे किती दिवस जायचं यातही फसगत होते. कॉलरा काही तासांपासून पाच दिवसांत दिसतो, म्हणून पाच दिवसांचा इतिहास पुरतो, पण काविळीत हिपॅटायटीस ई असेल तर संसर्ग दोन ते नऊ आठवडे आधी झालेला असतो. आजच्या पाण्याचं सँपल चांगलं आलं म्हणून पाण्याला सोडून देऊ नका, दोन महिन्यांपूर्वी पाईप कुठे फुटला होता ते प्लंबरला विचारा. आणि काविळीच्या गावात पहिल्या दिवशी गरोदर बायांची यादी काढाच, शेवटच्या तिमाहीत हा आजार जीवघेणा ठरतो. पुण्यात जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्त्याच्या भागात जीबीएसचे (नसांवर परिणाम होऊन हातपाय लुळे पडतात त्या आजाराचे) पेशंट वाढले तेव्हाही हातापायातली ताकद जायच्या आधी जुलाब झाले होते का, हे विचारावंच लागलं, तिथूनच तपास पाण्याकडे गेला.

पहिलं उत्तर मिळालं की तिथेच थांबायचा मोह फार होतो. पुरंदर तालुक्यातलं बेलसर आठवा, जुलै २०२१. तापाचे पेशंट, पहिल्या सँपलमध्ये चिकुनगुन्या निघाला. तिथेच फाईल बंद केली असती तर? पुण्याच्या एनआयव्हीच्या (राष्ट्रीय विषाणू संस्थेच्या) टीमने गावात जाऊन आणखी सँपल घेतले आणि त्यात राज्यातला पहिला झिका पेशंट सापडला. म्हणून एक-दोन पेशंट चित्रात बसत नसतील तर त्यांना यादीतून काढू नका, त्यांच्याकडे स्वतः जा.

माणसांच्या बाबतीत होणाऱ्या चुकांचं तर कुठे ट्रेनिंगच नसतं. सगळ्यांसमोर जलसुरक्षकाला (गावच्या पाण्यात टीसीएल टाकणाऱ्याला) झापणं ही मी पाहिलेली सगळ्यात वाईट. त्याच्याकडे टीसीएलचा साठा संपलेला असतो, मागणी केलेली असते, आणि आता भीतीने तो व्हॉल्व्ह कुठे गळतोय हेही सांगणार नाही. आशाताईने उशिरा कळवलं म्हणून तिला बोल लावले तर पुढच्या वेळी ती आणखी उशिरा कळवेल. कळवलंस ते बरं झालं, एवढं आधी म्हणा, मग विचारा. टीममधल्या मुलींची बाथरूमची, रात्री परत जायची सोय आधी लावा. जेवणाचं आणि पिण्याच्या पाण्याचंही बघा, त्याच गावचं पाणी पिऊन टीम आजारी पडलेली मी पाहिलीय.

आणि निघायची घाई करू नका. शेवटच्या नव्या केसनंतर इन्क्युबेशनच्या (संसर्गापासून त्रास सुरू होईपर्यंतच्या काळाच्या) दुप्पट काळ, म्हणजे कॉलऱ्याला साधारण दहा दिवस, लक्ष ठेवायचं असतं, तोपर्यंत रोज सकाळी शेवटच्या नळावर ओटी टेस्ट (पाण्यात क्लोरीन उरलाय का ते बघायची चाचणी), साथीच्या काळात किमान ०.५ पीपीएम क्लोरीन दिसायला हवा. गाव सोडायच्या आधी ग्रामपंचायतीत बसून काय सापडलं ते मराठीत, साध्या भाषेत सांगा, नकाशावर गळतीची जागा दाखवा, दुरुस्ती कोण आणि किती तारखेपर्यंत करणार ते लिहून सही घ्या. मी ती तारीख डायरीत लिहून ठेवतो आणि त्या दिवशी ग्रामसेवकाला फोन करून व्हॉल्व्हचा फोटो मागवतो.