‘म्हणून’ हा शब्द हाताशी ठेवून ॲरिस्टॉटल कसा वाचावा

ॲरिस्टॉटलच्या (इ.स.पू. ३८४–३२२) लेखनातला एखादा उतारा निसर्गविज्ञानाचा की तत्त्वमीमांसेचा (मेटाफिजिक्सचा), हे त्यात कशाबद्दल लिहिले आहे यावरून ठरवू नका. प्राणी, ब्राँझचा पुतळा, आकाशातले गोल दोन्हीकडे भेटतात. वस्तूकडे ती ‘काय म्हणून’ पाहिली आहे, तेवढे शोधा.

आधी ‘मेटाफिजिक्स’ या ग्रंथनावाचा गैरसमज काढून टाका. मूळ ग्रीक ‘ता मेता ता फिजिका’ म्हणजे ‘निसर्गविषयक ग्रंथांनंतरचे’. हे नाव ॲरिस्टॉटलने दिलेले नाही, इ.स.पू. पहिल्या शतकात त्याच्या लेखनाची मांडणी करणाऱ्या रोड्सच्या अँड्रोनिकसशी ते परंपरेने जोडले जाते. ॲरिस्टॉटल स्वतः या विषयाला ‘प्रथम तत्त्वज्ञान’ म्हणतो. ‘मेटा’ म्हणजे काहीतरी गूढ, अशा समजुतीने वाचायला बसलात तर जे तिथे नाही तेच शोधत राहाल.

‘मेटाफिजिक्स’ची १४ पुस्तके ओळीने वाचू नका. त्यांना ग्रीक अक्षरांची नावे आहेत; त्यातले डेल्टा हे पुस्तक तर ३० प्रकरणांचा शब्दार्थसंग्रहच आहे. तिथे बहुतेकांचा दम संपतो. आधी ‘फिजिक्स’ या त्याच्या निसर्गविषयक ग्रंथातले पुस्तक २, प्रकरणे १ ते ३ वाचा. मग गॅमा १–२, एप्सिलॉन १, झीटा १, ३ आणि १७, आणि शेवटी लॅम्डा ६ ते ९. भाषांतर कोणतेही चालेल, मात्र समासात बेकर क्रमांक (१८३१च्या बर्लिन आवृत्तीचे पान, स्तंभ व ओळ) असलेले घ्या. त्याशिवाय दोन भाषांतरे शेजारी ठेवून ताडता येत नाहीत.

आता चाचणी. प्रत्येक युक्तिवादासमोर ‘म्हणून’ लावून एक वाक्य लिहा. ‘फिजिक्स’ २.१ मध्ये निसर्ग म्हणजे वस्तूच्या स्वतःतच असलेले गती आणि स्थिरतेचे मूळ. तेव्हा निसर्गविज्ञान वस्तूकडे ‘बदलणारी म्हणून’ पाहते. गॅमा १ ची सुरुवात वेगळी: जे आहे ते, ‘आहे म्हणून’ तपासणारे एक शास्त्र आहे. वाक्य जमेना तर समजा, युक्तिवाद अजून हाती लागलेला नाही. पुन्हा वाचा.

सरावाला झीटा १७ उत्तम. ‘बा’ हे अक्षर ब् आणि आ यांची नुसती बेरीज नव्हे; अक्षर मोडले तरी ब् आणि आ उरतातच. मग ते एक अक्षर झाले कशाने? आणखी एका घटकाने, असे म्हटले तर त्या घटकाला इतरांशी कशाने जोडले, हा प्रश्न पुन्हा उभा राहतो, आणि ही साखळी संपत नाही. म्हणजे उत्तर घटकांच्या यादीत नाहीच. वस्तूला ती वस्तू करणारे कारण, तिचे रूप, वेगळ्या जातीचे आहे. मांस अग्नी-पृथ्वीपासून कसे घडते, हे निसर्गविज्ञान सांगेल. ते ‘एक काहीतरी’ का आहे, हा प्रश्न प्रथम तत्त्वज्ञानाचा.

इथे एक चूक हमखास होते: जडाचा विचार निसर्गविज्ञानात, रूपाचा तत्त्वमीमांसेत, अशी वाटणी केली जाते. ती खोटी आहे. एप्सिलॉन १ मधले नकटे नाक आठवा. अंतर्गोलपणाची व्याख्या नाकाशिवाय करता येते, नकटेपणाची येत नाही. डोळा, हाड, पान या साऱ्यांच्या व्याख्या नकटेपणासारख्या. निसर्गाचा अभ्यासकही रूप पाहतो, पण जडासकट.

दुसरी चूक खास मराठी वाचकाची. ‘उसिया’चे (जे मुळात, स्वतःच्या बळावर आहे त्याचे) भाषांतर ‘द्रव्य’ होते आणि शाळेतल्या विज्ञानातही ‘द्रव्य’ असते. तिथे मात्र त्याचा अर्थ जडपदार्थ. झीटा ३ मध्ये ॲरिस्टॉटल लांबी, रुंदी, खोली सोलून काढतो, जड तेवढे उरते, आणि ते मुख्य उसिया होऊ शकत नाही असे ठरवतो, कारण त्याला वेगळे अस्तित्व नाही आणि ‘हे अमुक’ असे बोटही दाखवता येत नाही. दोन्हींना ‘द्रव्य’ म्हटलेत तर या पानाचा अर्थच लागणार नाही. समासात सरळ ‘उसिया’ आणि ‘हिले’ लिहा. हिले म्हणजे जड; शब्दाचा मूळ अर्थ लाकूड.

शेवटी लॅम्डा, आणि इथे घाई नको. ‘फिजिक्स’चे आठवे पुस्तक गतीपासून निघून, स्वतः न हलता इतरांना हलवणाऱ्या चालकापाशी थांबते. लॅम्डा ६ मध्येही गती येते, पण पुढे विचारले जाते की असा चालक असतो तरी कोणत्या प्रकारे, आणि उत्तर निघते: ज्यात नुसती शक्यता काहीच नाही, सारे प्रत्यक्ष कार्यच, असा. लॅम्डा ८ मध्ये मात्र ॲरिस्टॉटल खगोलाच्या जाणकारांकडून ग्रहांना फिरवणाऱ्या गोलांचे हिशेब घेतो आणि ५५ किंवा ४७ हा आकडा मांडतो. आकड्यांच्या ओळींवर पेन्सिलीने खूण करा. आजच्या खगोलशास्त्राने खोडलेले गोल ते हेच. लॅम्डा ६चा युक्तिवाद वेगळा तपासावा लागतो, त्याच्याच आधारविधानांवर.