उष्णता सोसणाऱ्या लॅमिनेटसाठी रेझिन कसे निवडावे आणि कसे क्युअर करावे

लॅमिनेट म्हणजे रेझिनने एकत्र बांधलेल्या तंतूंच्या थरांचा भाग. त्यासाठी उष्णता सोसणारे रेझिन, म्हणजे तंतूंना बांधणारी राळ, निवडताना माहितीपत्रकात आधी नजर जाते ती टीजीवर, म्हणजे ज्या तापमानाला कडक रेझिन मऊ पडू लागते त्या काचसंक्रमण तापमानावर. मात्र ठळक छापलेला हा आकडा बहुधा कोरड्या नमुन्याचा असतो. वापरात रेझिन हवेतला ओलावा शोषते आणि त्या पाण्यामुळे टीजी खाली येतो. म्हणून ओल्या नमुन्याचा टीजी मागून घ्यावा आणि वापराची मर्यादा त्याच्याही सुमारे 28 अंश सेल्सिअस खाली धरावी. विमानांच्या भागांसाठी हाच संकेत रूढ आहे.

साधारण 120 अंशांपर्यंतच्या दमट वापराला 180 अंशांना क्युअर होणारे, म्हणजे तापवून कडक होणारे, इपॉक्सी पुरते आणि ते पुरत असेल तर त्याहून महाग व ठिसूळ रेझिनच्या मागे लागू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. 200 अंशांच्या आसपास बिसमॅलिमाइड घ्यावे. सायनेट एस्टर हे रेझिन कमी ओलावा शोषते, पण क्युअर होताना पाणी भेटले तर कार्बन डायऑक्साइड सुटून लॅमिनेटमध्ये फोड येतात. तेव्हा तंतू आणि कोअर (थरांमधला हलका गाभा) आधी नीट वाळवावेत. 288 अंशांच्या दीर्घ वापरासाठी पीएमआर-15 हे पॉलिइमाइड नासाने विकसित केले. त्यातील मेथिलिन डायअनिलिन हे द्रव्य कर्करोगाला कारणीभूत ठरू शकते, त्यामुळे हातमोजे आणि वाफा बाहेर ओढून नेणारे वायुवीजन यांत तडजोड नको.

प्रीप्रेग, म्हणजे आधीच रेझिन भरलेले तंतूंचे थर, फ्रीजरमधून काढल्यावर पिशवी लगेच उघडू नये. बाहेरून पुसल्यावर पुन्हा दव धरत नाही, इतकी ती खोलीच्या तापमानाला आली की मगच उघडावी, नाहीतर तेच दव थरांमध्ये अडकून पोकळ्या होतात. रचताना दर काही थरांनंतर व्हॅक्यूम देऊन थर दाबून घ्यावेत. थर्मोकपल (तापमान मोजणाऱ्या तारा) सर्वांत जाड भागाशी आणि साच्याच्या सर्वांत थंड कोपऱ्यात लावावेत, आणि ठरलेला वेळ सर्वांत मागे राहिलेल्या थर्मोकपलपासून मोजावा, ओव्हनच्या पडद्यावरच्या आकड्यापासून नव्हे.

उष्णता सोसण्याची खरी क्षमता पोस्ट-क्युअरमध्ये, म्हणजे क्युअरनंतर पुन्हा अधिक तापवण्यात, येते. बिसमॅलिमाइड साधारण 190 अंशांना क्युअर करून साच्यातून काढतात आणि मग 227 अंशांना सुमारे सहा तास ठेवतात. नेमके चक्र अर्थातच उत्पादकाचे पाळावे. अर्धवट क्युअर झालेल्या रेझिनचा टीजी अजून कमी असतो आणि क्रियेबरोबर तो वर सरकत जातो. ओव्हनचे तापमान त्याच्या पुढे धावले तर आधार नसलेला भाग स्वतःच्या वजनाने वाकतो आणि तो बाक कायम राहतो. म्हणून पातळ, रुंद भागांना खालून आधार द्यावा, तापमान टप्प्याटप्प्याने चढवावे आणि थंडही सावकाश करावे, कारण तंतू आणि रेझिन यांच्या आकुंचनातल्या फरकाने घाईत सूक्ष्म तडे पडतात.

शेवटी त्याच ओव्हनमधून निघालेल्या नमुना-पट्टीची डीएमए चाचणी करावी; तिच्यात तापमान वाढवत कडकपणा मोजतात. टीजी कडकपणाचा आलेख घसरू लागतो त्या बिंदूवरून वाचावा. टॅन डेल्टाचे, म्हणजे त्याच चाचणीतल्या ऊर्जा-ऱ्हासाच्या आलेखाचे, शिखर त्याच्या बरेच पुढे येते आणि ते धरले तर भागाला नसलेली क्षमता कागदावर दिसते.