लॉरेल-हार्डीचे सुरुवातीचे बोलपट: प्रत पारखा, मगच बघा

१९२९ ते १९३१ मधले लॉरेल-हार्डी या विनोदी जोडीचे छोटे बोलपट रटाळ वाटले, तर आधी प्रत तपासा.

टीव्हीचं 'झूम' बंद करून चित्र ४:३ वर ठेवा; दोन्ही बाजूंना काळे पट्टे दिसायलाच हवेत. १६:९ पडदा भरायला चित्र कापलं की उंचीचा चौथा हिस्सा जातो, आणि त्यात नेमकी हार्डीची टोपी नाहीतर घसरणारा पाय जातो.

खरी डोकेदुखी आवाजाची. त्या वेळी बऱ्याच बोलपटांचा आवाज फिल्मवर नसून १६ इंची तबकडीवर असे. मिनिटाला ३३⅓ फेरे, सुई आतून बाहेर, एका बाजूला साधारण ११ मिनिटं, म्हणजे १००० फुटांचं एक रीळ. फिल्म तुटली आणि नुसती चिकटवली की तिथून पुढे ओठ आणि आवाज यांची फारकत! म्हणून गेली तेवढीच काळी फिल्म जोडावी लागे. फूटभर फिल्म म्हणजे १६ चौकटी (फ्रेम), पाऊण सेकंदाला थोडं कमी.

आज दार आपटण्याचा किंवा बशी फुटण्याचा क्षण धरून तपासा. फरक पहिल्यापासून सारखाच असेल तर विंडोजवरच्या व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरमध्ये 'के' दाबून आवाज उशिरा येऊ द्या, 'जे' दाबून लवकर आणा. एका दाबाला ५० मिलिसेकंद. फरक हळूहळू वाढत गेला तर चित्र आणि आवाज यांचा वेग वेगळा आहे, बहुधा सेकंदाला २४ की २५ चौकटी, याचा घोळ. इथे 'जे-के' कामाचे नाहीत, ध्वनिपट्टीच ४ टक्के ताणावी किंवा आवळावी लागते. मध्येच एकदम फरक पडला तर तिथली फिल्म गहाळ आहे, तिथून पुन्हा जुळवा. सगळंच २५ ने धावत असेल तर ओठ जुळतात, पण २० मिनिटांचा पट १९ मिनिटं १२ सेकंदांत संपतो आणि आवाज किंचित चिरका होतो.

खरखर काढणारे फिल्टर लावू नका. खरखरीबरोबर पावलांचे आवाजही जातात. 'ब्रॅट्स' (१९३०) मागे सतत संगीत वाजत असेल, तर ती १९३७ची पुनःप्रदर्शित आवृत्ती समजा. मूळ प्रतीतली शांतताच बघण्यासारखी आहे. फटका बसल्यावर हार्डी थेट आपल्याकडे बघत राहतो, त्या जागा पळवू नका.

मग परभाषेतल्या आवृत्त्यांकडे वळा. डबिंग रुळण्याआधी ही जोडी फळ्यावर उच्चारानुसार लिहिलेलं स्पॅनिश वाचून तोच पट पुन्हा करत असे. आधी इंग्रजी 'चिकन्स कम होम' (१९३१) बघा, मग स्पॅनिश 'पोलितिकेरियास'. ती जवळजवळ दुप्पट लांब आहे, एक कारण म्हणजे मेजवानीत हाजी अली नावाचा कलाकार पाणी आणि रॉकेल पिऊन ते पुन्हा तोंडातून काढून दाखवतो. जेवताना बघू नका.