ओहायोत नवीन आलात? क्लिपबोर्डवर सही करण्याआधी हे वाचा

उन्हाळा लागला की कोलंबसमध्ये लायब्ररीच्या दारात, फार्मर्स मार्केटच्या तोंडाशी क्लिपबोर्ड घेऊन उभी असलेली माणसं भेटतात. हसून म्हणतात, "फक्त एक सही." आपल्याला तोंडावर नाही म्हणणं जड जातं. एच-वन या कामाच्या व्हिसावर येऊन मला सहा महिनेही झाले नव्हते, तेव्हा मीही पेन हातात घेतलं होतं. कागदाच्या वरच्या बाजूचा बारीक मजकूर वाचला म्हणून थांबले. सही फक्त मतदाराने करायची होती.

बऱ्याचदा हा कागद एखाद्या उमेदवाराचं नाव मतपत्रिकेवर आणण्यासाठी असतो. आपल्याकडे लोकसभेला अपक्ष उभा राहिला तर दहा सूचक आणि अनामत रक्कम लागते, तसंच समजा. फक्त इथे सूचकांची संख्या हजारांत जाते. राष्ट्राध्यक्षपदाच्या अपक्ष उमेदवाराला ओहायोत ५,००० वैध सह्या लागतात. इतर राज्यांत तोच आकडा नसतो. टेनेसीत २७५ सह्यांवर काम भागतं, तर कॅलिफोर्नियात २०२४ साली दोन लाख एकोणीस हजारांहून जास्त लागत होत्या. देश एक, पद एक, आणि नियम इतके वेगळे!

कारण दिल्लीत जसा एकच निवडणूक आयोग सगळं ठरवतो, तसा इथे नाही. राष्ट्राध्यक्ष निवडणारे राज्याचे प्रतिनिधी, म्हणजे इलेक्टर, कसे नेमायचे हे राज्याच्या विधिमंडळाने ठरवावं, असं राज्यघटनेच्या दुसऱ्या कलमात आहे. म्हणून मतपत्रिकेवर कोणाचं नाव येईल, कोणत्या तारखेपर्यंत कळवायचं, हे प्रत्येक राज्याचा कायदा सांगतो.

२०२४ मध्ये आम्ही हे जवळून पाहिलं. ओहायोच्या कायद्यानुसार पक्षाने आपला उमेदवार मतदानाच्या ९० दिवस आधी कळवायचा, म्हणजे ७ ऑगस्टपर्यंत. डेमोक्रॅटिक पक्षाचं शिकागोचं अधिवेशन होतं १९ ऑगस्टपासून. एप्रिलपासून ऑफिसात, देवळात एकच विषय: सत्तेवर असलेल्या राष्ट्राध्यक्षाचं नावच आपल्या मतपत्रिकेवर नसेल का? मे महिन्याच्या अखेरीस विधिमंडळाचं खास अधिवेशन बोलावून मुदत वाढवली आणि राज्यपाल डिवाइन यांनी २ जूनला सही केली. तरी तो कायदा लागू व्हायला सप्टेंबर उजाडणार होता, म्हणून पक्षाने धोका न पत्करता ऑगस्टच्या सुरुवातीलाच उमेदवार ठरवण्याचं ऑनलाइन मतदान उरकलं. तोवर उमेदवारही बदलून बायडन यांच्याऐवजी कमला हॅरिस झाल्या होत्या.

मुदतीचा वाद ओहायोला नवा नाही. १९८० मध्ये जॉन अँडरसन अपक्ष उभे राहिले, पण इथे अर्जाची मुदत मार्चमध्येच संपली होती. १९८३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती मार्चची मुदत घटनाबाह्य ठरवली. आणि नाव उतरवणंही चढवण्याइतकंच कठीण असू शकतं: २३ ऑगस्ट २०२४ ला राष्ट्राध्यक्षपदाचे अपक्ष उमेदवार रॉबर्ट केनेडी ज्युनियर यांनी प्रचार थांबवला, पण टोलेडो ओलांडून मिशिगनात गेलं की मतपत्रिकेवर त्यांचं नाव होतंच.

आता तुमच्या कामाचं. व्हिसावर असा किंवा ग्रीन कार्डवर, अशा कागदावर सही करू नका. "मी नागरिक नाही" एवढं सांगितलं की पुरतं, कोणी राग मानत नाही. बीएमव्हीत, म्हणजे इथल्या आरटीओत, लायसन्स काढताना काउंटरवरून मतदार नोंदणीबद्दल विचारलं, तर स्पष्ट "नाही" म्हणा, आणि सही करण्याआधी फॉर्म पुन्हा बघा. नागरिकत्वाच्या एन-४०० अर्जात मतदार म्हणून नाव नोंदवलं होतं का, मत दिलं होतं का, हे विचारतात. नकळत झालेल्या चुकीचाही तिथे खुलासा द्यावा लागतो, आणि नागरिक नसताना दिलेलं मत थेट हद्दपारीपर्यंत नेऊ शकतं. मी हे प्रत्येक नवीन कुटुंबाला सांगते, दोनदा सांगते.

नागरिकत्वाची शपथ झाली की मात्र उशीर करू नका. नोंदणी मतदानाच्या ३० दिवस आधी बंद होते. ओहायोत नागरिक नसलेल्यांच्या लायसन्सवर तशी नोंद असते, तेव्हा आधी ते बदलून घ्या.

पहिली मतपत्रिका हातात आली की दोन गोष्टी चकित करतील. शेजारच्या मतदान केंद्रावरच्या मैत्रिणीच्या कागदावर नावांचा क्रम वेगळा असेल. पहिल्या जागेचा फायदा एकालाच मिळू नये म्हणून इथे क्रम फिरवतात. आणि तुम्ही खूण राष्ट्राध्यक्ष-उपराष्ट्राध्यक्षांच्या जोडीसमोर केलीत, तरी मत त्या जोडीच्या १७ इलेक्टरना जातं, ज्यांची नावं कागदावर नसतात. रिकाम्या ओळीत कोणाचंही नाव लिहून भागत नाही. त्या व्यक्तीने ७२ दिवस आधी रीतसर कळवलेलं असेल तरच ते मत मोजतात.

आपल्या काउंटीच्या (जिल्ह्याच्या) बोर्ड ऑफ इलेक्शन्सच्या, म्हणजे निवडणूक कार्यालयाच्या, साइटवर मतदानाआधी नमुना मतपत्रिका मिळते. ती छापून घ्या, आणि आदल्या रात्री जेवणानंतर घरातल्या सगळ्यांनी टेबलाभोवती बसून वाचा, मागच्या पानासकट.