चिनी वैद्यकात स्मृतिभ्रंशाचा रुग्ण तपासायला शिकताना

बीएएमएसनंतर चीनला जाऊन तिथलं पारंपरिक वैद्यक शिकायचं डोक्यात असेल, आणि त्यातही म्हाताऱ्या माणसांच्या आजारांत रस असेल, तर हे वाचून जा. मी चेंगडूला, म्हणजे सिचुआन प्रांताच्या राजधानीत, शिकले. चीन सरकारने १९५६ मध्ये या वैद्यकाची जी पहिली चार महाविद्यालयं काढली, त्यांतलं एक या शहरात आहे. बाकीची बीजिंग, शांघाय आणि ग्वांगचौला.

आधी व्यवहाराचं बोलू. तिथली पदवी म्हणजे एमबीबीएस नव्हे. ती घेऊन परत आलात तर ॲलोपॅथीचा डॉक्टर म्हणून इथे काम करता येत नाही. महाराष्ट्रात ॲक्युपंक्चरसाठी २०१५ चा स्वतंत्र कायदा आहे, त्यामुळे सुयांचं शिक्षण कामी येऊ शकतं. चिनी काढ्यांना आपल्याकडे तशी मान्यता नाही. एजंट हे आपणहून सांगत नाहीत. भाषेचंही तसंच. वर्ग इंग्रजीत असला तरी रुग्ण इंग्रजी बोलत नाही, आणि चेंगडूतले ऐंशीचे आजोबा प्रमाण चिनीसुद्धा धड बोलत नाहीत, सिचुआनी बोलतात.

विसरभोळेपणाची तक्रार घेऊन कुणी आलं की नवखा विद्यार्थी थेट नाडीवर बोटं ठेवतो. त्यात आम्ही आयुर्वेदवाले आघाडीवर. मी ज्यांच्या हाताखाली शिकले ते आधी कागद मागायचे: एमआरआय किंवा सीटी, थायरॉइड, बी-१२, साखर. मग घरच्यांना एकच प्रश्न, 'हे हळूहळू झालं की अचानक?' चार दिवसांत माणूस बरळायला लागला असेल तर तो स्मृतिभ्रंश नसून लघवीचा संसर्ग असू शकतो. महिन्या-दोन महिन्यांपूर्वी डोकं आपटलं असेल तर आत रक्त साकळलेलं असू शकतं. नैराश्यातही माणूस सगळं विसरल्यासारखा वागतो. यातलं बरंचसं वेळीच सापडलं तर बरं होतं, आणि जीभ बघून ते सापडत नाही. म्हणून आधी रोगनिदान, त्यानंतर लक्षणसमूह, म्हणजे जीभ, नाडी आणि तक्रारी एकत्र बघून चिनी वैद्य रुग्णाचा जो प्रकार ठरवतात तो. हा क्रम उलटा करणारा शिक्षक मिळाला तर दुसरा शोधा.

स्मरणशक्ती मोजायला तिथेही एमएमएसई आणि मोका याच चाचण्या, दोन्ही तीस गुणांच्या. पण गुणांची रेषा सगळ्यांना एक नाही. शांघायमध्ये १९८७ साली झालेल्या सर्वेक्षणातून एमएमएसईसाठी ज्या मर्यादा रूढ झाल्या, त्या शिक्षणाप्रमाणे बदलतात: निरक्षर माणसाला १७ किंवा कमी, प्राथमिक शाळा झालेल्याला २० किंवा कमी, त्यापुढे शिकलेल्याला २४ किंवा कमी. शेतात आयुष्य काढलेल्या आजींना २४ ची रेषा लावली तर अर्धा गाव स्मृतिभ्रंशाचा निघेल. एमएमएसईत एक वाक्य ऐकून जसंच्या तसं म्हणायचं असतं. चिनी आवृत्तीत ते आहे 'चव्वेचाळीस दगडी सिंह'. चिनीत त्यात 'स' आणि 'श' यांची अशी गर्दी होते की धडधाकट माणसाचीही बोबडी वळावी, आणि सिचुआनीत तर 'श' चा 'स' होतो. आजी सगळं 'स-स-स' करून मोकळ्या. गुण द्यायचा की नाही? आमच्याकडे द्यायचे, कारण तपासायची असते पुनरुक्ती, उच्चार नव्हे. मोकामध्ये लक्षात ठेवायच्या शब्दांत मखमल आणि चर्च आहे. खेड्यातल्या किती आजोबांनी चर्च पाहिलं असेल, तुम्हीच सांगा.

आता चिनी पद्धतीच्या चार परीक्षा: बघणं, ऐकणं आणि वास घेणं, विचारणं, स्पर्श करणं. यातली तिसरी इथे लंगडी पडते. प्रश्नांची ठरलेली यादी असते: थंडी-ताप, घाम, झोप, भूक, तहान, शौच-लघवी. पण उत्तर देणाऱ्यालाच आठवत नसेल तर? आजी म्हणतात, 'झोप छान लागते'; मागे उभी असलेली मुलगी मान हलवून 'नाही' म्हणते. दोन्ही लिहून घ्या, कोण काय म्हणालं ते वेगवेगळं. मुलीशी आजींसमोर बोलू नका, नंतर बाहेर बोला. आणि रात्री आजींजवळ कोण झोपतं ते विचारा. बऱ्याचदा ती मुलगी नसतेच, पगारी बाई असते, आणि खरी माहिती तिच्याकडे असते: रात्री किती वेळा उठतात, बद्धकोष्ठ किती दिवसांचा, संध्याकाळ झाली की 'घरी जायचंय' म्हणतात का.

जीभ बघायला सगळ्यात जास्त वेळ द्या. 'जीभ बाहेर काढा' ही सूचना आजार पुढे गेलेल्या माणसाला कळत नाही. आपणच समोर बसून जीभ काढली की तो बघून काढतो. उजेड खिडकीचा हवा, ट्यूबलाइटखाली रंग फसवतो. चेंगडूत सकाळपासून झाकणाच्या पेल्यातून चहा चालू असतो, त्याने वरचा थर पिवळा-तपकिरी दिसतो. म्हणून आधी काय खाल्लं-प्यायलं ते विचारा. लघवी आवरण्याच्या काही गोळ्यांनी आणि काही झोपेच्या गोळ्यांनी तोंड कोरडं पडतं. ती कोरडी जीभ औषधाची, 'यिन (शरीरातला थंडावा आणि ओलावा) घटलं' असं लिहून मोकळं होऊ नका. मग टोक वर टाळूकडे न्यायला लावा. खालच्या दोन शिरा फुगीर, जांभळ्या, वेड्यावाकड्या असतील तर रक्त साकळल्याची खूण मानतात. वरचा थर जाड आणि चिकट असेल तर कफासारखा मळ मेंदूची दारं झाकतोय असं वाचतात. जीभ बारीक, थर विरळ, सोबत कंबर-गुडघे ढिले, तर मूत्रपिंडाचं सत्त्व आटलं आणि मज्जा कमी पडली. प्राचीन ग्रंथांत मेंदूला मज्जेचा सागर म्हटलंय. स्मरणशक्ती हृदयात नसून मेंदूत असते, हे मात्र वांग छिंगरेन या वैद्याने १८३० मध्ये ठासून लिहिलं. म्हातारपणी आठवण जाते ती मज्जा रिती होत गेल्यामुळे, हेही त्याचंच.

नाडीबद्दल आपल्या लोकांना सावध करते. बोटं तीच तीन, जागा तीच मनगटाची, पण तिथे तर्जनी-मध्यमा-अनामिका म्हणजे वात-पित्त-कफ नाहीत. डाव्या हाताला हृदय, यकृत, मूत्रपिंड. उजव्या हाताला फुप्फुस, प्लीहा आणि पुन्हा मूत्रपिंड. आयुर्वेदाची सवय मोडायलाच मला सगळ्यात कठीण गेलं. शिवाय बीटा-ब्लॉकर (रक्तदाब-हृदयाच्या गोळ्या) घेणाऱ्याची नाडी मंद लागणारच, आणि ठोके अनियमित असतील तर आधी ईसीजी.

हे सगळं कितपत भरवशाचं? एकाच रुग्णाला दोन अनुभवी वैद्य दोन वेगळे लक्षणसमूह देतात, हे मी वारंवार पाहिलं. तिथल्या लोकांनाही हे ठाऊक आहे. बीजिंगच्या तुंगचमन रुग्णालयातले थ्येन चिनचौ आणि त्यांचे सहकारी यांनी रक्तवाहिन्यांच्या दोषातून येणाऱ्या स्मृतिभ्रंशासाठी लक्षणांना गुण देणारी मोजपट्टी बनवली ती याचसाठी. अशा पट्टीवर काम करायला मिळालं तर सोडू नका. निदान दोघांनी भरलेले कागद शेजारी ठेवून भांडता तरी येतं. लक्षणसमूह बदलतोही. थंडीत अशक्त, फिकट वाटणारा रुग्ण उन्हाळ्यात लाल जीभ आणि चिडका स्वभाव घेऊन येतो, म्हणून प्रत्येक खेपेला नव्याने लिहा, मागचं उतरवू नका. माझं मत विचाराल तर लक्षणसमूहाने स्मृतिभ्रंश सिद्धही होत नाही, थांबतही नाही. त्याचा खरा फायदा असा की झोप, भूक, बद्धकोष्ठ, चिडचिड यांची इतकी बारीक विचारपूस दुसऱ्या कुठल्या बाह्यरुग्ण विभागात होताना मी पाहिली नाही, आणि घरच्यांचा जीव त्यातच मेटाकुटीला आलेला असतो.

शेवटी औषधांची पिशवी. रुग्णाला घरात असलेल्या सगळ्या बाटल्या आणि पाकिटं घेऊन यायला सांगा. तिथे डोनेपेझिल हे स्मृतिभ्रंशाचं ॲलोपॅथी औषध आणि काढा एकाच टेबलावर लिहिले जातात. काढ्यात बऱ्याचदा आपल्या वेखंडाचा चुलतभाऊ असतो, ओळखीचा वास आल्यावर मला गंमत वाटली होती. पण काढ्यात तानशन ही चिनी मुळी असेल आणि रुग्ण वॉरफरिन हे रक्त पातळ करणारं औषध घेत असेल तर रक्त प्रमाणाबाहेर पातळ होऊ शकतं. गिंको (एका झाडाच्या पानांचा अर्क) आणि वॉरफरिन ही जोडीही धोक्याची. गिंकोच्या गोळ्या घरच्यांना औषध वाटतच नाहीत, त्यामुळे नाव घेऊन विचारा.