दोन मॉनिटरांचे रंग एकमेकांशी कसे जुळवावेत

फोटोची खिडकी एका मॉनिटरवरून ओढत दुसऱ्यावर न्यावी आणि अर्ध्या वाटेत माणसाच्या गालावरची लाली उडून जावी, हा अनुभव दोन स्क्रीन लावणाऱ्या बहुतेकांना आलेला असतो. डावीकडे चेहरा तांबूस, उजवीकडे कावीळ झाल्यासारखा. मग आपण एकाचा निळा कमी करतो, दुसऱ्याचा कॉन्ट्रास्ट वाढवतो. तासाभराने दोन्ही बिघडलेले असतात आणि मूळ सेटिंग काय होतं तेही आठवत नाही. हे उद्योग मी पुष्कळ केले. माझा क्रमच उलटा होता. मी रंगापासून सुरुवात करायचो, आणि सुरुवात करायची असते उजेडापासून.

आधी एक कडू गोष्ट. दोन वेगळ्या जातींचे मॉनिटर तंतोतंत जुळत नाहीत. एलसीडीतल्या आयपीएस जातीच्या पॅनेलचा कॉन्ट्रास्ट, म्हणजे पांढऱ्याच्या आणि काळ्याच्या उजेडाचं प्रमाण, साधारण १०००:१ असतो, व्हीए जातीचा ३०००:१ च्या आसपास, आणि ज्यात प्रत्येक पिक्सेल स्वतः उजळतो त्या ओएलईडीचा काळा म्हणजे पिक्सेल चक्क बंद. यांचा काळा रंग एकसारखा दिसणारच नाही, त्यावर डोकं आपटू नका. दोघांपैकी जो चांगला आहे त्याला 'खरा' माना. रंगाचे निर्णय त्याच्यावर, आणि टूल्स, फोल्डर, लहान चित्रांची रांग दुसऱ्यावर. दुसऱ्याने फक्त डोळ्याला खुपू नये इतकं साधलं तरी खूप झालं.

सुरुवातीची साफसफाई

दोन्ही मॉनिटर अर्धा तास चालू राहू द्या. गरम झाल्याशिवाय बॅकलाइटचा, म्हणजे पडद्यामागच्या दिव्याचा, उजेड स्थिर होत नाही. तोवर दोघांच्या मेनूत जाऊन सगळं फॅक्टरी सेटिंगवर आणा आणि स्वतःच्या अकलेने उजेड बदलणाऱ्या सगळ्या सोयी बंद करा: डायनॅमिक कॉन्ट्रास्ट, इको मोड, खोलीच्या उजेडाप्रमाणे बदलणारा सेन्सर, लोकल डिमिंग. कॉम्प्युटरमध्ये विंडोजचा नाइट लाइट, मॅकवरचे नाइट शिफ्ट आणि ट्रू टोन बंद करा. एचडीआर चालू असेल तर तोही. 'व्हिव्हिड', 'सिनेमा' असले मोड सोडून 'कस्टम' किंवा 'यूजर' मोड निवडा, म्हणजे लाल, हिरवा, निळा वेगवेगळे कमी-जास्त करता येतील. बऱ्याच मॉनिटरांच्या तयार 'एसआरजीबी' (नेहमीच्या फोटोंची आणि वेबची रंगपद्धती) मोडमध्ये ही तिन्ही बटणं, कधीकधी ब्राइटनेससुद्धा, कुलूपबंद असतं.

एक मॉनिटर एचडीएमआयने आणि दुसरा डिस्प्लेपोर्टने जोडलेला असेल तर इथेच थांबून सिग्नलची रेंज बघा. टीव्हीच्या पद्धतीत काळा १६ वर आणि पांढरा २३५ वर धरतात. कॉम्प्युटरच्या पद्धतीत ० आणि २५५ वर. ग्राफिक्स कार्ड पहिल्या पद्धतीने पाठवतंय आणि मॉनिटर दुसऱ्या पद्धतीने वाचतोय असं झालं, की काळा करडा दिसतो आणि सगळं चित्र धुतल्यासारखं होतं. ग्राफिक्स कार्डच्या सेटिंगमध्ये ही रेंज 'फुल' करा. मॉनिटरच्या मेनूत 'ब्लॅक लेव्हल' किंवा 'आरजीबी रेंज' असं काही असेल तर तिथेही तेच. मी एकदा दोन दिवस व्हाइट पॉइंटशी, म्हणजे पांढऱ्याच्या छटेशी, झटत होतो आणि दोष निघाला या एका सेटिंगमध्ये.

उजेड

डोळा फसतो तो इथे. दोन पांढऱ्यांपैकी जो जास्त उजळ तो आपल्याला 'शुभ्र' वाटतो आणि शेजारचा मळकट. म्हणजे रंगात काही फरक नसतानाही झाक असल्याचा भास होतो. म्हणून आधी उजेड सारखा करायचा, आणि तो अंधूक मॉनिटरच्या पातळीवर आणायचा. जुना बॅकलाइट ताणून नव्याच्या बरोबरीला आणायला गेलात तर तो मॉनिटर हाताबाहेर जातो.

कलरिमीटर म्हणजे स्क्रीनवर टेकवून मोजायचं छोटं यंत्र. ते असेल तर दोघांना एकाच आकड्यावर आणा. साधारण उजेडाच्या खोलीत १०० ते १२० कॅन्डेला प्रति चौरस मीटर ठीक. प्रिंटसाठी काम करत असाल आणि खोली मंद असेल, तर ८० ते १००. नवे मॉनिटर कारखान्यातून यापेक्षा कितीतरी उजळ येतात. 'माझे प्रिंट काळोखे येतात' या तक्रारीचं मूळ बहुतेक वेळा प्रिंटरमध्ये नसून तिथेच असतं.

बदल फक्त ब्राइटनेसच्या बटणाने करायचा. एलसीडीत त्याने बॅकलाइट कमी-जास्त होतो. कॉन्ट्रास्टला हात लावू नका, तो वाढवला की उजळ भागातले तपशील फुटतात, म्हणजे सपाट पांढरे होतात.

यंत्र नसेल तर कॅमेरा वापरा. दोन्ही स्क्रीनवर पूर्ण पांढरं चित्र उघडा, दोन्ही एका फ्रेममध्ये बसतील इतके मागे सरका आणि मॅन्युअल मोडवर, व्हाइट बॅलन्स 'डेलाइट'ला पक्का करून, रॉ (कॅमेऱ्याने रंगसंस्कार न केलेला) फोटो काढा. शटर हळू ठेवा, १/१५ सेकंदाच्या आसपास, नाहीतर स्क्रीनच्या लुकलुकण्याचे पट्टे येतात. पांढरा फुटू देऊ नका, थोडा अंधाराच आलेला बरा. मग फोटोत दोन्ही स्क्रीनच्या मधल्या भागाचे आकडे वाचा आणि उजळ असलेल्याला खाली आणा. तीन-चार फेऱ्यांत जमतं. ही युक्ती उजेडापुरतीच. रंगासाठी कॅमेऱ्यावर विसंबू नका, त्याचा सेन्सर आपल्या डोळ्यासारखा बघत नाही.

पांढरा

एचपी आणि मायक्रोसॉफ्टने १९९६ मध्ये मांडलेल्या एसआरजीबीचा पांढरा म्हणजे डी६५, ढोबळमानाने ६५०० केल्विन. पण नुसत्या केल्विनवर जाऊ नका. तो आकडा पिवळा-निळा एवढंच सांगतो, हिरवट की गुलाबी हे त्यात येत नाही. दोन्ही मॉनिटर ६५०० दाखवत असताना एक काकडीसारखा आणि दुसरा गुलाबी दिसू शकतो. यंत्राच्या सॉफ्टवेअरमध्ये एक्स आणि वाय असे दोन आकडे दिसतात, ते ०.३१२७ आणि ०.३२९० च्या जवळ आणायचे.

समजा लाल, हिरवा, निळा तिन्ही १०० वर आहेत आणि यंत्र ७२०० केल्विन सांगतंय, म्हणजे स्क्रीन निळसर. मग निळा ९१ पर्यंत उतरवा, पुन्हा मोजा. थोडा हिरवट राहिला तर हिरवा ९७. कुठलाही रंग वाढवायचा नाही, जो जास्त असेल तो कमी करायचा. एसआरजीबीत पांढऱ्याच्या उजेडातला सुमारे ७२ टक्के वाटा हिरव्याचा आणि जेमतेम ७ टक्के निळ्याचा असतो. त्यामुळे निळा उतरवला तर उजेड फारसा हलत नाही, पण हिरव्याला हात लावलात की पुन्हा ब्राइटनेसकडे वळावं लागतं. दोन बटणांत अशा फेऱ्या चालतात, त्याला इलाज नाही.

आता गंमत. यंत्र म्हणतं दोन्ही सारखे आणि तुमचे डोळे म्हणतात, अजिबात नाही. अशा वेळी यंत्र बिघडलं असं समजू नका. एका मॉनिटरला साधा पांढरा एलईडी आणि दुसऱ्याला वाइड गॅमटचा (जास्त गर्द रंग दाखवणारा) बॅकलाइट किंवा ओएलईडी असेल तर दोघांचा पांढरा वेगवेगळ्या तरंगलांबींच्या मिश्रणातून बनतो. यंत्राची गणितं बेतलेली आहेत १९३१ च्या प्रमाणित डोळ्यावर, म्हणजे सरासरी माणसाला रंग कसे दिसतात याच्या तक्त्यावर. तो ठरवताना प्रयोग झाले होते राइट आणि गिल्ड या दोन संशोधकांकडच्या एकूण १७ माणसांवर. तुमचा डोळा त्यांच्या सरासरीसारखा असेलच असं नाही, आणि दोन मिश्रणं एकाला सारखी व दुसऱ्याला वेगळी दिसू शकतात. आधी एवढं मात्र तपासा, की सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक मॉनिटरसाठी त्याच्या बॅकलाइटचा योग्य प्रकार निवडलाय ना. कलरिमीटरच्या फिल्टरांना ती माहिती लागते.

तरीही फरक उरला, तर माझं मत स्पष्ट आहे: डोळ्याचं ऐका. खऱ्या मॉनिटरला यंत्राने डी६५ वर आणा आणि तिथेच सोडा. मग दोन्ही स्क्रीनवर १२८ चा (० ते २५५ च्या मधला) करडा चौकोन, आतल्या कडांजवळ, एकमेकांशेजारी ठेवा. दोन्ही स्क्रीन तुमच्याकडे तोंड करून वळवा, नजरेच्या उंचीवर. दुसऱ्याचे लाल-हिरवा-निळा हलवत तो करडा पहिल्यासारखा दिसेपर्यंत चालू ठेवा. मिनिटभराने नजर काढून भिंतीकडे बघा, नाहीतर डोळा चुकीच्या रंगाला सरावतो आणि सगळंच बरोबर वाटायला लागतं. जमलं, की दुसऱ्या मॉनिटरचा तो पांढरा यंत्राने मोजून घ्या आणि त्याच्या कॅलिब्रेशनसाठी (यंत्राने मोजून रंग नेमके करण्यासाठी) डी६५ ऐवजी तोच लक्ष्य द्या. डिस्प्लेकॅल या मोफत सॉफ्टवेअरमध्ये ही सोय आहे. यंत्रच नसेल तर डोळ्याने जुळवलेल्या या करड्यावरच थांबा.

प्रोफाइल

इथून पुढे काम सॉफ्टवेअरचं आहे. गॅमा, म्हणजे काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत उजेड कसा चढतो ते, दोघांना २.२, व्हाइट पॉइंट आणि उजेड वर ठरलेले, आणि एकामागून एक दोन्हींचं कॅलिब्रेशन चालवून वेगवेगळी प्रोफाइल (त्या त्या मॉनिटरच्या रंगांची नोंद असलेल्या फाइल) बनवा. फाइलला नाव देताना मॉनिटरचं नाव आणि तारीख घाला. विंडोजमध्ये 'कलर मॅनेजमेंट' उघडून कुठला मॉनिटर एक आणि कुठला दोन हे आधी ओळखून घ्या, मग 'माझी सेटिंग वापरा' या अर्थाच्या चौकटीवर खूण करून प्रत्येकाला त्याचं प्रोफाइल लावा. ही दोन प्रोफाइल एकमेकांच्या जागी लागणं ही फार सर्रास होणारी चूक आहे, आणि मग सगळ्या मेहनतीनंतर स्क्रीन पहिल्यापेक्षा वाईट दिसतात. मॅकवर सिस्टिम सेटिंगच्या 'डिस्प्लेज'मध्ये प्रत्येक स्क्रीनचं प्रोफाइल निवडता येतं.

शेवटी सॉफ्टवेअर अहवाल देतं, त्यात डेल्टा ई हा आकडा बघा. तो रंगातल्या फरकाचं माप आहे. सरासरी २ च्या आत असेल तर उगाच पुन्हा सुरू करू नका.

तपासणी

फोटोशॉप किंवा लाइटरूममध्येच तपासा. ही सॉफ्टवेअर प्रोफाइल वाचतात. विंडोजच्या डेस्कटॉपचं वॉलपेपर आणि फोटो बघायची कित्येक साधी ॲप्स वाचत नाहीत, त्यामुळे वाइड गॅमट मॉनिटरवर तिथे लाल टोमॅटो अंगावर येतो. त्यावरून कॅलिब्रेशन फसलं असा निष्कर्ष काढू नका. एक मॉनिटर वाइड गॅमट आणि दुसरा साधा असेल तर एसआरजीबी फोटो दोन्हीकडे सारखा दिसायला हवा. एसआरजीबीपेक्षा जास्त रंग मावणाऱ्या ॲडोबी आरजीबीतली एखादी गर्द हिरवी झाडी मात्र साध्या मॉनिटरवर निस्तेजच दिसेल, कारण तो हिरवा त्याच्याकडे नाहीच.

तपासायला तीन चित्रं पुरतात. काळ्याकडून पांढऱ्याकडे जाणारा करडा पट्टा, त्यात मध्येच गुलाबी किंवा हिरवी झाक उमटता कामा नये. दोन-चार वेगवेगळ्या वर्णांच्या माणसांचा एक फोटो, कारण त्वचेतला फरक डोळा लगेच पकडतो. आणि तुम्ही स्वतः प्रिंट करून घेतलेला, हातात धरता येईल असा एखादा फोटो.

महिन्याभराने पुन्हा मोजा, आणि दर वेळी खोलीतला उजेड तोच ठेवा. दोन्ही मॉनिटरच्या मेनूतले आकडे कागदावर लिहून मागच्या बाजूला चिकटवून टाका. 'इतका अंधार कसा चालतो तुला?' असं म्हणत कोणीतरी ब्राइटनेस वाढवून जाणारच आहे.