दिवसा जिनिंगचा काटा, रात्री मंडळी: या चुका टाळा

हिंगणघाटच्या बाजूला दिवाळीनंतर कापसाच्या गाड्यांची रांग लागते, आणि नेमका त्याच हंगामात नाताळ येतो. मी दिवसा जिनिंगच्या (कापसातून सरकी वेगळी काढणाऱ्या कारखान्याच्या) वजनकाट्यावर पावत्या करतो आणि पास्टर म्हणून तीन गावांतल्या चाळीसेक घरांची ख्रिस्ती मंडळी सांभाळतो. नोकरी करून मंडळी सांभाळणाऱ्यांनी टाळाव्यात अशा या चुका, आणि त्यातल्या बहुतेक माझ्या स्वतःच्या आहेत.

‘कधीही फोन करा’ म्हणणं. पहिली काही वर्षं मी हेच सांगत होतो. एकदा फोनवर प्रार्थना करता करता 18.40 क्विंटलची पावती 14.80 ची केली. शेतकरी ओरडला, आणि बरोबरच ओरडला. आता मंडळीला सांगून ठेवलंय: जेवणाच्या सुट्टीत एक ते दोन किंवा संध्याकाळी सातनंतर. दवाखाना किंवा मयत असेल तर लागोपाठ दोनदा रिंग द्या, मी काटा सोडून येतो. तरी मला पोचायला वेळ लागतोच, म्हणून प्रत्येक गावात दोन वडीलजनांना मातीच्या वेळची प्रार्थना आणि वचनं शिकवून ठेवली. बायबलात निर्गम 18 मध्ये सासरा इथ्रोनं मोशेला सल्ला दिला, सगळं एकट्यानं करू नकोस, कामं वाटून दे; तो सल्ला मी पाच-सहा वेळा संदेशात सांगितला असेल. स्वतः ऐकायला फार उशीर केला.

मालकाला डिसेंबरात सांगणं. भर आवकीत सुट्टी मागितली की तोंड वाकडं होणारच. हंगाम सुरू व्हायच्या आधीच 24 आणि 25 तारीख लिहून द्या आणि बदल्यात काही द्या. मी दिवाळीच्या आठवड्यात यार्डावरची पाळी घेतो.

कामाच्या जागी पास्टर बनून राहणं. ही सगळ्यात अवघड. सीसीआयच्या (भारतीय कापूस महामंडळाच्या) खरेदीत कापसातला ओलावा 8 टक्क्यांच्या वर गेला की हमीभावातून कपात होते, 12 च्या वर माल घेतच नाहीत. मंडळीतले एक काका ओला कापूस घेऊन आले आणि हळूच म्हणाले, “पास्टर, जरा पाहून घ्या ना जी.” ओलावा मोजणं माझ्या हातात नव्हतं, पण मोजणाऱ्याशी माझी ओळख होती. मी नाही म्हटलं. ते दोन महिने उपासनेला आले नाहीत. हो म्हटलं असतं, तर रांगेतल्या बाकीच्यांना मी कोणत्या तोंडानं सुवार्ता सांगणार होतो? असं काही घडण्याआधीच सभेत स्पष्ट बोलून ठेवा. मी बोललो नव्हतो.

नोकरीची लाज. लाज कसली? प्रेषित पौलही करिंथात अक्विल्ला आणि प्रिस्किल्लाबरोबर तंबू करत होता (प्रेषितांची कृत्ये 18:3). पण मंडळीनंही हे एकच वचन पाठ करून पाकीट बंद ठेवू नये. त्याच पौलानं 1 करिंथ 9 मध्ये सुवार्ता सांगणाऱ्यांची उपजीविका सुवार्तेवर व्हावी असंही लिहिलंय. निदान पेट्रोल तरी द्या.

अर्पण आपल्या खिशात ठेवणं. पगार आणि अर्पण एकाच फोनवर आलं की महिनाअखेर स्वतःलाच हिशेब लागत नाही. दोघांनी मोजावं, वहीत सह्या कराव्यात. न्यास नोंदवलेला असेल तर त्याच्या नावाचं खातं वापरा.

कागदपत्रं न पाहणं. राज्य सरकारची नोकरी असेल, तर महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, 1979 वाचा आणि मानधन घेण्याआधी वरिष्ठांची लेखी परवानगी काढा. भारतीय ख्रिस्ती विवाह कायदा, 1872 प्रमाणे अधिकार नसताना लग्न लावणं हा गुन्हा आहे. फक्त पास्टर म्हणवून घेतल्यानं तो अधिकार मिळत नाही.

शनिवारी रात्री संदेश तयार करणं. झोप येते, आणि संदेश ऐकणाऱ्यांनाही येते. सोमवारीच उतारा वाचून ठेवला की आठवडाभर काट्यावर तो डोक्यात घोळत राहतो. वेचणीच्या दिवसांत मंडळी रविवारीही शेतात असते, म्हणून तेव्हा आम्ही उपासना संध्याकाळी सातला घेतो.

पाळकीणबाईंना, म्हणजे पास्टरच्या बायकोला, गृहीत धरणं. माझ्या दोन कामांमुळे बायकोच्या डोक्यावर तिसरं आलं: आल्यागेल्याचा चहा, बायांची प्रार्थनासभा, माझे निरोप. तिनंच सोमवारची संध्याकाळ बंद केली. परवा एक भाऊ सोमवारीच आले. तिनं चहा दिला आणि सांगितलं, “भाऊ, काम उद्या.” ते चहा पिऊन गेले, मंगळवारी परत आले.